भिशीचे पैसे घेऊन नागपूरला

पहिला दिवस, आणि दुसऱ्याचाही बराचसा

महाराष्ट्र एक्स्प्रेसनं सांगलीहून नागपूर गाठायचं म्हणजे गाडीत बिऱ्हाडच मांडायचं. दुपारी बसलं की पुण्यात रात्र होते, मनमाड-भुसावळच्या आसपास उजाडतं आणि बडनेरा, वर्धा करत नागपूर येईस्तोवर दुसरी संध्याकाळ. दशम्या, चटणी, दोन गुडघ्यांना दोन पट्टे आणि पर्समध्ये एक वही, एवढं घेऊन मी बसले.

वही भिशीची. आम्ही सोळा जणी. तीन वर्षांपूर्वी ठरवलं की संक्रांतीला वाण म्हणून गाळण्या आणि प्लास्टिकचे डबे लुटणं पुरे झालं, ते पैसे बाजूला टाकायचे. त्यात मागच्या फेरीचं सगळ्यांनी सोडलेलं मिळून 1 लाख 40 हजार झाले. कशासाठी, यावर मात्र कुणाचं दुमत नव्हतं: गरीब मुलींच्या शिक्षणासाठी. कसं, यावर सोळा मतं. दप्तरं, सायकली, वह्यांवर मंडळाचं नाव छापून घ्यायचं की नाही इथपर्यंत. मी आयुष्यभर बँकेत काढलेलं, म्हणून खजिनदार मीच.

नागपूरच का? तर माझी मावसबहीण तिथं महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाली. फोनवर म्हणाली, "पैसे पाठवू नको बाई. आधी येऊन पाहून जा."

उतरले ती संक्रांतीची संध्याकाळ. रिक्षातून घरी जाताना आभाळ पतंगांनी भरलेलं आणि गच्च्यांवरून 'ओ काट'चा गजर. रिक्षावाल्यानं मांजापासून सावध म्हणून गळ्याला मफलर गुंडाळलेला. एका गच्चीवर सहा-सात पोरं पतंग उडवत होती आणि त्यांच्या मागं तेवढ्याच मुली उभ्या. प्रत्येकीच्या हातात चक्री. ढील द्यायची, गुंडाळायची, आणि पतंग कटला तर शिव्याही त्यांनीच खायच्या. हे मला तेव्हा नुसतं गमतीशीर वाटलं.

रात्री ताईकडं सांबारवडी. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे दर खेपेला मी नव्यानं शिकते.

तिसरा दिवस

ताई निवृत्तीनंतर उत्तर नागपुरात, पिवळ्या नदीच्या अंगाला असलेल्या एका वस्तीत संध्याकाळचा वर्ग घेते. नदी म्हणायची एवढंच, आता तिचा नाला झालाय. पत्र्याची घरं, मधून एक माणूस जाईल एवढी वाट, नळाला पाणी दुपारी येतं. किती वाजता, ते पाणीच ठरवतं. वर्ग समाजमंदिराच्या ओट्यावर.

बावीस मुलं आली. त्यांत तेरा मुली, आणि तेरांतल्या पाच जणींच्या कडेवर एकेक लेकरू.

त्यातली एक सातवीतली. हिच्याजवळ मी तासभर बसले. शेकडेवारीची गणितं चालली होती. भाऊ दीड वर्षाचा, डाव्या मांडीवर. वही उजव्या गुडघ्यावर आणि ती पाठ वाकवून लिहिते. लेकराला पेन्सिल दिसली की ते झडप घालणार, हे तिला ठाऊक. म्हणून तिनं एक बिनशिशाची थोटकी पेन्सिल ठेवली होती, त्याच्यासाठी वेगळी. तो ती घेऊन वहीच्या कडेला रेघोट्या मारल्यासारखं करायचा. काहीच उमटत नसे आणि तो खुश असे. गणित सोडवता सोडवता तिचा गुडघा एका लयीत हलत होता. 450 चे 12 टक्के 54, हे तिनं माझ्या आधी काढलं. मी, चौतीस वर्षं व्याज काढलेली बाई.

"शाळेत जातेस ना रोज?"

"जाते ना जी. हा झोपला का जाते."

आई धुण्याभांड्यांची पाच घरं करते, सकाळी साडेसातला निघते. बाप मिस्त्रीच्या हाताखाली. अंगणवाडी आहे, वस्तीतच आहे, आणि ताईच्या म्हणण्याप्रमाणे सेविका जीव ओतून काम करते. पण अंगणवाडीत बसवून घेतात ते तीन ते सहा वर्षांच्यांना. त्याहून लहान्याला खाऊ घरपोच मिळतो, लसीची तारीख सांगितली जाते, पण दिवसभर त्याला धरून बसणारं तिथं कुणी नाही. अन् तीन वर्षांचं झालं तरी दुपारी अंगणवाडी सुटते, शाळा त्यानंतरही चालूच असते. त्या मधल्या तासांचं काय, हे 1975 साली योजना सुरू झाली तेव्हापासून घरातल्या थोरल्या मुलीवर सोडलेलं आहे. कागदावर कुठं तसं लिहिलेलं नाही.

परत येताना मी ताईला म्हटलं, "आईवडलांना जरा समजावून सांगितलं तर?"

ती थांबलीच. "काय समजावशील? शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात आम्ही कारणाच्या रकान्यात 'पालकांची उदासीनता' लिहून मोकळे होत होतो. तीस वर्षं लिहिलं मी ते. एकदाही 'भाऊ दीड वर्षाचा' असं नाही लिहिलं."

मी झाले तेव्हा आमची अक्का पाचवीत होती. पुढच्या जूनला ती शाळेत गेली नाही. आमच्या घरात हे नेहमी 'अक्काला अभ्यासाची गोडीच नव्हती' असं सांगितलं गेलं आणि मीही ते तसंच पुढं सांगत आले. त्या रात्री वहीत हिशोब लिहायला बसले आणि एक ओळही लिहिली नाही.

चौथा दिवस

सकाळी तर्री पोहे. तर्री इतकी तिखट की कान बधिर. मेट्रोनं ऑटोमोटिव्ह चौक, तिथून कामठी रोडनं रिक्षा, मग एका वळणावर आत. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दूरवर दिसतात, आणि वाटेत राखेचे ट्रक. त्या राखेच्या आणि मातीच्या जिवावर या भागात विटाभट्ट्या.

ताईच्या ओळखीची एक तरुण कार्यकर्ती सोबत होती, म्हणून मालकानं आत सोडलं. भंडारा-गोंदियाकडची कुटुंबं. भात कापून झाला की दिवाळीनंतर येतात, पावसाच्या तोंडावर परत जातात. कामाला माणूस मोजत नाहीत, जोडी मोजतात. नवरा-बायकोची एक जोडी, हजार विटांमागं भाव, आणि उचल आधीच गावात घेऊन खर्च झालेली. गारा मळायचा, साच्यात थापायचा, ओळी लावायच्या. थापलेली वीट थोडी सुकली की तिला कुशीवर उभी करावी लागते, नाहीतर तळ ओला राहतो. हे पलटवायचं काम पोरांचं. जोडीत त्यांची गणती नाही, मजुरी नाही. पण ती नसली तर जोडीचा आकडा हजाराला पोचत नाही.

एक नऊ वर्षांची मुलगी अशी ओळीनं विटा पलटवत येत होती. दोन हातांनी दोन, एका झटक्यात, मागं न बघता. ओळीच्या टोकाला दोन बांबूंमध्ये लुगड्याची झोळी, तिला बांधलेली सुतळी मुलीच्या पायाच्या अंगठ्याला. ओळीत पुढं सरकली की सुतळी सोडते, नव्या जागी परत बांधते. झोळी हलत राहते.

तिच्या आईशी बोलले. मनात तेच, की समजावून सांगावं. बाईनं झोपडीतून प्लास्टिकची पिशवी आणली. त्यात आधार कार्डं, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि घडी करून ठेवलेलं मुलीचं शिक्षण हमी कार्ड. स्थलांतर करणाऱ्या मुलांना गावची शाळा हे देते, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेनं त्यांना बसवून घ्यावं. तिनं ते गावाहून सांभाळून आणलं होतं. दाखवायला कुणी आलंच नव्हतं.

"शाळा लय दूर नाही जी, पण टरकाचा रस्ता हाय. अन् हिले धाडलं तं लेकराले कोन पाहीन?"

हे मला वस्तीतही दुसऱ्या शब्दांत ऐकू आलं होतं. मुलगी शिकू नये असं म्हणणारं मला या दोन दिवसांत कुणी भेटलं नाही. असे लोक नसतात असं नाही, पण त्यांना शोधायला मला आणखी फिरावं लागलं असतं.

कारखान्यांना पाळणाघर बंधनकारक करणारं कलम 1948 च्या कायद्यातच होतं. बायकांची संख्या ठरावीक आकड्यापुढं गेली की पाळणाघर हवंच. भट्टीवर मात्र जोडीचं नाव नवऱ्याचं. वहीत बाई नाहीच, तर तिचं लेकरू कुठून असणार? दिल्लीत 1969 साली मीरा महादेवन यांनी गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाच्या बांधकामावर, धुळीत पडलेली मजुरांची बाळं बघून तिथंच तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातूनच 'मोबाईल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. म्हणजे ही कल्पना काही आभाळातून आणायची नाही. तंबू, झोळ्या आणि दोन बायका, एवढ्यावर ती सुरू झाली.

तिथून कामठी पुढं जवळच. कन्हान नदीच्या काठी बाबू हरदासांची समाधी आहे. 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द त्यांनी रुजवला हे बहुतेकांना माहीत असतं. विडी कामगारांची संघटना बांधणाऱ्या या माणसानं 1927 च्या सुमाराला कामठीत रात्रशाळा चालवली, हे मला माहीत नव्हतं. तिच्यात 86 मुलगे आणि 22 मुली. पाचात एक. त्या काळात, रात्रीची शाळा, दिवसभर पानं कापणाऱ्या घरातल्या मुली. रात्रीचीच का, हे मला आज सकाळपर्यंत कळलं नसतं.

ताई नदीकडं बघत म्हणाली, "जाईबाई चौधरी माहितेय तुला?" नव्हती. लहानपणीच लग्न झालेली बाई, नागपूर ते कामठी डोक्यावरून ओझी वाहायची. एका मिशनरी बाईंनी तिला लिहायला-वाचायला शिकवलं, महिना चार रुपयांवर शाळेत नोकरी दिली. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून पालकांनी मुलं काढली आणि नोकरी गेली. मग 1922 मध्ये जाईबाईंनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं स्वतःच मुलींची शाळा काढली. पंधरा वर्षांनी, 1937 मध्ये, अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. तिथं शिकल्यासवरल्या भगिनींनी याच जाईबाईंना जेवायला वेगळं बसवलं. मला आमच्या सोळा जणींचं हळदीकुंकू आठवलं. कुणाला बोलावतो, कुणाला बोलावत नाही. तो विषय या वहीत नाही, पण आला मनात.

आम्ही आलो तो रस्ता तोच, ज्याच्यावरून त्या ओझी नेत. पंधरा किलोमीटरच्या आसपास. रिक्षात माझी कंबर दुखत होती.

रात्री ताईनं फाइल काढली. बाई मास्तरीण आहे, कात्रणं जपते. युनिसेफनं 2016 मध्ये काढलेला आकडा: जगभरातल्या 5 ते 14 वयाच्या मुली घरकामात मुलांपेक्षा रोज 16 कोटी तास जास्त घालवतात. रोज! मी बँकेच्या सवयीनं दोनदा शून्यं मोजली. आपल्याकडच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी बाई दिवसाला 299 मिनिटं देते आणि घरकाम करणारा पुरुष 97. करणारे पुरुष मुळात थोडे, ते वेगळंच.

"फी माफ म्हणजे काय माफ?" ताई म्हणाली. "तिचे तास घेतो ना आपण. त्याची किंमत कोण देतं?"

बांगलादेशनं ती 1994 पासून द्यायला सुरुवात केली. खेड्यातल्या माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलीच्या नावानं पैसे, अटी तीन: 75 टक्के हजेरी, परीक्षेत 45 टक्के, आणि दहावीपर्यंत लग्न नाही. मेक्सिकोनं 1997 मध्ये गरीब घरांना पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा माध्यमिक वर्गात मुलीची रक्कम मुलापेक्षा जास्त ठेवली, कारण त्याच वयात तिला घरी ओढतात. बिहारनं 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या आणि हायस्कुलातल्या मुली खरोखर वाढल्या. हे ऐकून मी टुणकन उठले, आमच्या मंडळातल्या सायकलवाल्या पार्टीचा जय म्हणून! ताई म्हणाली, "हो, अंतराचा प्रश्न असेल तिथं सायकल चालते. कडेवर भाऊ असेल तर सायकल घरात उभी राहते."

आपल्या राज्यानं काय केलं? 1992 पासून पहिली ते चौथीतल्या दारिद्र्यरेषेखालच्या दलित, आदिवासी, भटक्या घरांतल्या मुलींना उपस्थिती भत्ता. दिवसाला 1 रुपया. तेव्हा त्या रुपयात काहीतरी येत होतं. पुढं किती वर्षं गेली तरी रुपया तो रुपयाच राहिला. दुसरीकडं, पाचवीपुढच्या खेड्यातल्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे तो चांगला आहे, मी स्वतः आमच्याकडं त्या पासावर शिकलेल्या मुली बघितल्यात. 2024 मध्ये आठ लाखांखालच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक पदवीची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली. पण त्या कॉलेजच्या दारापर्यंत पोचणारी मुलगी सातवीत कुणाला कडेवर घेऊन बसली नव्हती, असं बहुतेक वेळा निघेल.

ताईच्या कात्रणांत अफगाणिस्तानही होता. सहावीच्या पुढं मुलींना कायद्यानंच बंदी असलेला जगातला एकुलता देश. वाचून राग येतो आणि राग यावाच. पण नायजरमध्ये तशी बंदी नाही, तरी चारांतल्या तीन मुलींचं लग्न अठराच्या आत होतं. आणि पिवळ्या नदीकाठी तर कायदा शाळेत घालायलाच सांगतो.

पाचवा दिवस

शनिवारची सकाळची शाळा. नाव नको, मुख्याध्यापिका बिचारी भली बाई होती. त्या सातवीतल्या मुलीची हजेरी दाखवली: नोव्हेंबरात 9 दिवस, डिसेंबरात 11. पटावर नाव आहे, म्हणून ती कुठल्याच सरकारी कागदावर गळालेली नाही. मुलींच्या संडासाला कडी नव्हती, तार होती. आठवीनंतर नववीची शाळा साडेतीन किलोमीटर. इथं सायकलीचं बघा, अशी मी वहीत नोंद केली, म्हणजे सायकल पार्टी अगदीच हरलेली नाही.

दुपारी दीक्षाभूमी. याआधी दोनदा आले होते, गर्दी बघूनच पोट भरायचं. आज शांत. स्तूपाच्या आत गारवा, फरशीवर एक आजी नातीला बोट धरून गोल फिरवत होत्या. 14 ऑक्टोबर 1956 सगळ्यांना ठाऊक. ताईनं मात्र मला बाहेरच्या झाडाखाली बसवून 1942 सांगितलं. त्या जुलैत, याच नागपुरात, मोहन पार्कात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष, आणि बायका वीस-पंचवीस हजार. घटस्फोटाचा हक्क, एकाहून जास्त लग्नांना विरोध, कामगार बायकांना पगारी रजा, असे ठराव त्यांनी केले. आणि बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं, मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, आणि लग्न झाल्यावर नवऱ्याची बरोबरीची मैत्रीण म्हणून राहा, दासी म्हणून नाही. समाजाची प्रगती ते बायकांच्या प्रगतीवरून मोजतात, असंही. या पंचवीस हजारांपैकी किती जणी कडेवर लेकरू घेऊन आल्या असतील, हा माझा आपला प्रश्न. भर पावसाळ्यात.

सीताबर्डीत संत्रा बर्फी घेतली. सोळा डबे. ओझं झालं.

सहावा दिवस

रविवारी वस्तीतल्या आया भेटल्या, संध्याकाळी, त्याच ओट्यावर. मी तयारी केली होती: आमचं मंडळ, आमचा हेतू. ताईनं मला बोलूच दिलं नाही. तिनं विचारलं, "एवढे एवढे पैसे आहेत. कशाला लावायचे?"

पहिली मागणी शिकवणीची. दुसरी मोबाईलची. मग एकीनं, तिची थोरली त्या तेरा जणींतली, म्हटलं, "लेकरं ठेवाले कुठी जागा झाली तं बरं होईल बाई. मी पैसे बी देईन थोडे." मग सगळ्याच बोलायला लागल्या. समाजमंदिरामागं एक खोली रिकामी आहे. दोघी म्हाताऱ्या मावश्या बसायला तयार आहेत, त्यांतली एक सुईणपण केलेली. सकाळी सात ते संध्याकाळी पाच. पुरुष दोनच होते, त्यांतला एक म्हणाला छताचा पाइप मी बसवून देतो. झोळ्या बांधाले.

ती सातवीतली मुलगी मागं उभी होती. भाऊ कडेवर झोपलेला. मी तिला विचारलं, हा तिकडं राहिला तर तू काय करशील? मला वाटलं म्हणेल शाळेत जाईन. म्हणाली, "आधी झोपीन जी."

घरी येऊन वहीत मांडलं. दोन मावश्या, सहा-सहा हजार. खोलीभाडं तीन. दूध, खिचडी, साबण मिळून चार. महिना 19 हजार. 1 लाख 40 हजारांत सात महिने, वर सात हजार शिल्लक. सात महिन्यांनंतर काय, यावर ताई आणि मी रात्री बारापर्यंत भांडलो. केंद्राची पाळणाघरांची योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची तरतूद आहे, अर्ज करता येतो. ताई म्हणते चालतं पाळणाघर दाखवलं तर अर्जाला वजन येतं. मी म्हणते सात महिन्यांनी बंद पडलं तर त्या मुलींना काय तोंड दाखवायचं? मिटलं नाही भांडण. भट्टीचं तर आम्ही काढलंच नाही, ते दोघींनाही झेपणारं नव्हतं.

सातवा दिवस

परतीची गाडी. वर्ध्याच्या आसपास रेंज आली आणि ग्रुपवर संदेशांचा पाऊस. बर्फी मिळाली का. थंडी किती. आणि अध्यक्षीणबाई: "मुलींना दप्तरं देतानाचे फोटो टाका ना."

माझ्याकडं मुलींचे फोटो नव्हतेच. काढले नाहीत. एकच फोटो होता, त्या रिकाम्या खोलीचा. पोपडे उडालेली भिंत, आणि वर त्या माणसानं निघायच्या आधी, सकाळीच येऊन बसवलेला आडवा लोखंडी पाइप. तो टाकला. खाली लिहिलं, "पैसे इथं लावायचं म्हणतेय. दप्तरं नाहीत. सगळं आल्यावर सांगते."

बडनेरा गेलं, कुणी काही बोलेना. दोन निळ्या खुणा, चार निळ्या खुणा. मूर्तिजापूरच्या पुढं अध्यक्षीणबाईंनी विचारलं, हा पाइप कसला?

मी "झोळ्यांसाठी" असं लिहीपर्यंत अक्काचा संदेश आला. अक्का ग्रुपवर कधी लिहीत नाही, तिला टाईप करायला वेळ लागतो.

"आईची जुनी लुगडी हायत माझ्याकडं. मऊ झालीत. किती लागतील?"